जाळ्यात आलेला देव

“उद्या पाहुण्यांनी विचारलं, जाळ्यात कासव येतं का, तर नाही म्हणायचं. एवढंच. पुढे एक शब्द बोलायचा नाही,” आमच्या शेडचे मालक हसनभाई म्हणाले.

शेडमध्ये सकाळचा पहिला माल नुकताच टेबलांवर ओतला होता. आम्ही एकशे बारा बायका. डोक्याला टोप्या, पायात गमबूट, बर्फाच्या पाण्यानं पांढरी पडलेली बोटं. कोळंबीचं डोकं मोडायचं, कवच सोलायचं, पाठीतला काळा दोरा ओढून काढायचा, हे चालू असताना आमच्या शेडमध्ये कधी कुणी गप्प बसल्याचं मला आठवत नाही. पण हसनभाई हे बोलले आणि शेड गप्प झाली.

“आणि कासव इला असला तर?” आनशीनं विचारलं. तिच्या जिभेला हाड नव्हतं.

“इला असला तरी नाही.”

“देवाक नाय म्हणूचा?”

“आनशे, तू सुंगटा सोल,” मी म्हटलं. मी त्या बायकांची मुकादमीण होते. हसनभाईंनी माझ्याकडे वळून आवाज खाली आणला. “द्वारकाबाय, जगन्नाथला तू सांग. माझं तो ऐकून घेईल, पण मनावर घेणार नाही.”

जगन्नाथ, म्हणजे जगू, माझा धाकटा भाऊ. आमच्या कातळबंदरातल्या सगळ्यात मोठ्या ट्रॉलरचा तांडेल. शेडमधला निम्मा माल त्याच्या जाळ्यातून यायचा.

त्या दिवसांत अमेरिकेच्या कायद्याचा आमच्याकडे बराच गाजावाजा चालला होता. त्यांचं म्हणणं असं की कोळंबीच्या जाळ्यात कासवं अडकून गुदमरून मरतात. म्हणून जाळ्यात लोखंडी गजांची एक चौकट आणि तिच्यावर एक खिडकी ठेवायची. कासव गजांना थडकून खिडकीतून बाहेर जाईल, कोळंबी गजांमधून मागच्या पिशवीत पडेल. खिडकी नसेल त्या बोटीची कोळंबी आम्हाला नको. बऱ्याच तांडेलांनी खिडकी बसवली आणि समुद्रात गेल्यावर सुतळीनं शिवून टाकली, कारण कासवाबरोबर कोळंबीही निघून जायची. जगूनं मात्र बसवली ती बसवली. “माल कमी गावता,” म्हणायचा, “पण तो बापडो वाचता मा.”

आमच्याकडे कासव म्हणजे देव. गाभाऱ्यासमोर जमिनीत बसवलेला असतो तोच हा, पण जिवंत. जाळ्यात आला तर त्याला बोटीच्या नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, तोंड करून ठेवतात, पाठीवर तेल घालतात, हळदकुंकू वाहतात, नारळ फोडतात, आणि चौघे मिळून अलगद पाण्यात सोडतात. सोडताना बोटीवर कुणी चप्पल घालत नाही. हे मी लहानपणापासून बघत आले.

त्या चैत्रात जगूच्या जाळ्यात एक आला होता. कुठून तरी वाहून आलेलं लाकडाचं खोड गजांमध्ये अडकलं आणि खिडकीचं तोंड बंद झालं. त्यामागे हा धडधाकट जीव, दोन माणसांना कवेत न मावणारा. खलाशांपैकी कुणीतरी फोनवर फोटो काढला. हळदीनं पिवळी झालेली पाठ, मधोमध कुंकवाचा मळवट, आणि मागे हात जोडून उभा असलेला जगू. मी तो फोटो कणकवलीहून मोठा करून आणला, काचेत बसवला आणि देवळाच्या सभामंडपात लावला. रामनवमीच्या कीर्तनाला आलेले पेंढूरकर बुवा त्या फोटोकडे बघून थांबले, आणि ऐन वेळी आख्यान बदलून त्यांनी समुद्रमंथन लावलं. पर्वत बुडायला लागतो, देव-दैत्य हात टेकतात, आणि भगवंत कासव होऊन तळाशी जातो, पाठ देतो. “अख्ख्या जगाची उलाढाल ज्याच्या पाठीवर चालली,” बुवा म्हणाले, “तो तुमच्या तांडेलाच्या घरी पाहुणा आला होता.” आणि पेटीवाल्यानं सूर दिला. मी रडले. कीर्तनात मी रडतेच, पण त्या दिवशी जरा जास्तच.

कीर्तन हे माझं सगळं शिक्षण. शाळा चौथीपर्यंत. बोलायचं कसं, कुठे थांबायचं, ऐकणाऱ्याचे डोळे कधी भरतात, हे मी बुवांच्या समोर बसून शिकले. शेडमध्ये दुपारच्या सुट्टीत बायका म्हणायच्या, “द्वारकाबाय, कालचा आख्यान सांग गे,” आणि मी सांगायची, बुवांसारखी, थोडं माझं घालून.

संध्याकाळी मी जगूला हसनभाईंचा निरोप दिला. तो किनाऱ्यावर जाळं शिवत होता.

“माझ्यान खोटा बोलूक जमाचा नाय,” तो म्हणाला. “मी गप रवतंय.”

“गप रव. तेवढा पुरे.”

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला पाहुणे आले. आमचा माल घेणाऱ्या कंपनीची एक गोरी बाई, पन्नाशीची, उन्हानं मान लाल झालेली, डोक्यावर पुरुषी टोपी. तिच्याबरोबर मुंबईहून आलेले कुंटे. हसनभाईंच्या निर्यातीचे कागद तेच बघायचे आणि तिचं बोलणं आम्हाला मराठीत सांगायलाही तेच होते.

बाईनं आधी जगूची बोट बघितली. खिडकी हातानं उघडून बघितली, शिवणीच्या जुन्या खुणा कुठे आहेत का म्हणून दोऱ्यांवरून बोट फिरवलं. नव्हत्याच. ती खूश दिसली. मग तिनं विचारलं आणि कुंट्यांनी सांगितलं, “मॅडम विचारतात, ही खिडकी बसवल्यावर तुमच्या जाळ्यात कधी कासव आलं का?”

जगू तिच्याकडे बघत राहिला. हसनभाई म्हणाले, “नो, मॅडम. नो टर्टल.”

बाईनं जगूकडेच बघत परत विचारलं. जगूनं मान खाली घातली. कुणालाही वाटावं, हा माणूस काहीतरी लपवतोय. ती बाई एकदम गंभीर झाली. तिनं वही उघडली.

मला ते बघवलं नाही. जगात कासवाला कोणी हात जोडले असतील तर आम्ही. आणि माझा भाऊ तिथे चोरासारखा उभा. मला वाटलं, ही बाई कासवासाठी एवढ्या लांबून आली म्हणजे हिच्याही मनात तीच माया असणार. तिला एकदा कळलं की आम्ही कोण, की सगळे कायदे गळून पडतील. एका देवाची दोन माणसं समोरासमोर आली आहेत आणि मध्ये फक्त भाषा आडवी आली आहे, असं मला अगदी खरंच वाटलं.

“कुंटेसाहेब,” मी म्हटलं, “मॅडमना सांगा, आमच्याकडे कासव येतं ते देव म्हणून येतं.”

“द्वारकाबाय,” हसनभाई म्हणाले.

पण मी सुरू झाले होते. मी त्यांना देवळात नेलं. फोटो दाखवला. मंथन सांगितलं, पर्वत सांगितला, तेल-हळद-नारळ सांगितलं, चपला काढतो ते सांगितलं. कुंटे भराभर इंग्रजी करत होते. बाईची वही मिटली होती. तिचे डोळे फोटोवर होते आणि ते भरत आले होते. बुवांना समोर भरलेले डोळे दिसले की ते हात आखडता घेत नाहीत, मग मी तरी कशी घेऊ?

“आणि एकदाच येतो असं नाही,” मी म्हटलं. “आमच्यावर त्याची कृपा आहे. तो वारंवार येतो. वर्षातून चार वेळा येतो, पाच वेळा येतो. जाळं ओढलं की आधी आम्ही बघतो, आला का माझा देव.”

कुंट्यांनी माझ्याकडे एक क्षण बघितलं आणि तेही तसंच सांगितलं.

बाईनं माझे दोन्ही हात हातात घेतले. सोलून सोलून फाटलेल्या बोटांना तिनं हळूच कुरवाळलं. मग तिनं त्या फोटोचा फोटो काढला, माझा काढला, देवळातल्या दगडी कासवाचा काढला. जाताना गाडीच्या काचेतून तिनं नमस्कार केला, आपला, दोन्ही हात जोडून.

“बघलंस?” मी जगूला म्हटलं. “रडली ती.”

जगू म्हणाला, “बाय, चार-पाच खंयसून इले? एक इलो हुतो.”

“अरे, ता बोलाचा असता तसा.”

तो बोटीकडे चालू लागला.

सतरा दिवसांनी हसनभाईंनी मला ऑफिसात बोलावलं. कुंटे आधीच येऊन बसले होते. त्यांच्यासमोर चहा होता आणि चहावर साय धरली होती.

“मॅडमचा मेल आलाय,” ते म्हणाले. “वाचून दाखवतो, म्हणजे तुम्हाला पूर्ण कळेल. ‘कातळबंदरच्या लोकांचं कासवांवरचं प्रेम माझ्या मनाला भिडलं. इतकी श्रद्धा मी कुठे पाहिली नाही.’ हे पहिलं वाक्य.”

“मग?”

“दुसरं वाक्य. ‘परंतु स्थानिक महिलेच्या म्हणण्यानुसार व छायाचित्रानुसार येथील जाळ्यांत वर्षाला चार ते पाच कासवं सापडतात. म्हणजे खिडक्या समुद्रात बंद केल्या जातात असं मानायला जागा आहे. खुलासा होईपर्यंत माल घेता येणार नाही.’” त्यांनी कागद खाली ठेवला. “बावीस टनांचा कंटेनर तिकडच्या बंदरात उभा आहे.”

मला आधी काही कळलंच नाही. मी म्हटलं, “पण ती रडली हो.”

“रडली असेल,” कुंटे म्हणाले. “रडून मग लिहिलंय.”

हसनभाई खिडकीबाहेर बघत होते. तो माणूस मला रागानं बोलला असता तर बरं झालं असतं. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली. “बाय, कंटेनर परत आला तर मी पुढच्या महिन्यात शेड चालवू शकत नाही. खोटं सांगत नाही. बायकांना काय सांगायचं ते तू सांग मला.”

कुंट्यांनी एक टाईप केलेला कागद पुढे सरकवला. “यावर तुमची सही आणि तुमच्या भावाची.”

मी अक्षर लावत वाचलं. ‘आमच्या समाजात कासवाची पूजा करण्याचा कोणताही रिवाज नाही. सदर छायाचित्र किनाऱ्यावर अंडी घालण्यासाठी आलेल्या कासवाचे असून ते हौसेखातर काढलेले आहे. आमच्या जाळ्यात आजपर्यंत एकही कासव आलेले नाही. पाहुण्यांना दिलेली माहिती ऐकीव व कल्पित होती.’

“एकच आलं होतं, खोड अडकलं होतं, असं लिहा ना,” मी म्हटलं. “ते खरं आहे.”

“तुम्ही चार-पाच म्हणालात. आता एक म्हणालात तर उद्या ते विचारतील, परवा किती म्हणाल? एकही नाही, हेच त्यांना समजतं. आणि पूजा राहिली तर कासव राहतं. रिवाज काढूनच टाकायला हवा.”

ते ‘काढूनच टाकायला हवा’ असं म्हणाले, कागदावरची ओळ काढावी तसं.

कागद घेऊन मी जगूकडे गेले. दुपारचं ऊन होतं. बोट ओढून घेतली होती आणि तो तिच्या सावलीत बसून विडी ओढत होता. मी वाचून दाखवलं. त्यानं विडी विझेपर्यंत ऐकलं.

“ह्या मी करूचंय नाय.”

“जगू, एकशे बारा बायका आसत. आनशीचो घोव आंधळो आसा. तिची चूल खंयसून पेटतली?”

“माका ठावक आसा.”

“मगे?”

“मी माझ्या हातान कुकू लायलंय तेका,” तो म्हणाला. “तेच्या पाठीवर माझो हात हुतो. तो श्वास घेय हुतो, माका हाताक लागा हुतो. आता मी म्हणू, तो इलोच नाय?”

“देवाक समाजता रे. देव काय रागावता?”

“देवाचा देव बघीत. मी माझा सांगतंय.” मग तो माझ्याकडे बघून म्हणाला, “बाय, तेव्हा तू चार-पाच म्हणलंस, ताय खोटा. आता एकय नाय म्हणतंस, ताय खोटा. मधी एक खरो इललो. तेचा तू काय केलंस?”

मी त्याला मारलं. थोबाडीत. पन्नाशीच्या भावाला, खलाशांसमोर. तो गालाला हात न लावता उठला आणि बोटीच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसला.

मी परत ऑफिसात गेले आणि सही केली. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईची सही, द्वारका गणपत कुबल, एकेक अक्षर दाबून. कुंटे म्हणाले, भावाची नसली तरी चालेल, बोलल्या तुम्हीच होतात. मग म्हणाले, तो देवळातला फोटोही उतरवलेला बरा, पुन्हा कुणी बघायला आलं तर.

मीच उतरवला. गुरवानं विचारलं, “काय गे, काच फुटली काय?”

“होय,” मी म्हटलं. एकदा सुरू झालं की सोपं जातं.

कंटेनर सुटला. आमच्या शेडमध्ये त्या दिवशी पेढे वाटले. आनशीनं माझ्या तोंडात पेढा कोंबला आणि म्हणाली, “देवाक नाय म्हणालंस तरी देव पावलो गे तुका.” ती हसत म्हणाली, मनात काही नव्हतं तिच्या. मी तो पेढा गिळला.

पुढचा एक हंगाम गेला. मग तिकडचा नियम बदलला. आता एकेका बोटीचं बघणं नाही. अख्ख्या देशातली समुद्रातली कोळंबी बंद, खिडकी असो नसो, पूजा असो नसो. तळ्यात वाढवलेली मात्र चालेल, कारण तळ्यात कासव येत नाही. आमच्या किनाऱ्यावर तळी कुठली? जिथे मोठमोठी तळी होती तिथे सगळा धंदा निघून गेला. मॅडमच्या कंपनीनंही तिकडूनच माल घ्यायला सुरुवात केली असं कळलं. गणपतीच्या आधी शेड बंद झाली. बायका टोप्या आणि गमबूट परत करून गेल्या. आनशी आता कुडाळला एका घरी भांडी घासते.

शेवटच्या दिवशी हसनभाई आणि मी रिकाम्या टेबलांपाशी उभे होतो. कुलूप त्यांच्या हातात होतं.

“एक गोष्ट तुला सांगितली नव्हती, बाय,” ते म्हणाले. “आता सांगायला हरकत नाही. तो कंटेनर तुझ्या कागदामुळे सुटला नव्हता. तुझी सही झाली त्याच्या दोन दिवस आधीच तिकडच्या बंदरातल्या माणसानं सरकारी दाखला बघून सोडला होता. आम्हाला उशिरा कळलं. कुंटे म्हणाले, पेपर नंतर पोचला, त्यांनी फायलीला लावला. कुणी वाचला पण नसेल.”

“बरं,” मी म्हटलं.

“तुला वाईट वाटू नये म्हणून बोललो नव्हतो.”

“बरं,” मी पुन्हा म्हटलं. बर्फाच्या पाण्याची सवय लागलेले हात मी पदराला पुसले. ते कोरडेच होते.

मी अजून कीर्तनाला जाते. बुवांनी कुठलंही आख्यान लावू दे, मी पुढे बसते. फक्त ते मंथनाकडे वळले की माझे डोळे भरत नाहीत, एवढंच.

जगू माझ्याशी बोलणं टाकून बसला नाही. भाऊबीजेला येतो, ओवाळून घेतो, ताटात घालतो. बोट आता बांगड्याला जाते. गेल्या चैत्रात मी सहज किनाऱ्यावर गेले तेव्हा तो नुकताच परतला होता आणि गुडघाभर पाण्यात उभा राहून हात धूत होता. वाळूनं घासून घासून. मी जवळ गेले. नखांच्या कडांना पिवळं होतं. मनगटावरून तेलाचा ओघळ होता, आणि बोटीतले चारही खलाशी अनवाणी उभे होते.

माझ्या छातीत एकदम काहीतरी उघडलं. “जगू,” मी म्हटलं, “इलो हुतो काय रे?”

त्यानं हात पाण्यात बुडवले, पाणी गढूळ होईपर्यंत ठेवले, आणि मगच माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. परक्या बाईकडे बघतात तसं.

“खंय काय?” तो म्हणाला. “आमच्यात तसो रिवाज नाय. तूच लिवन दिलंस मा.”